मर्यादेपलीकडचे पडदे

माझी वहिनी पडदे शिवते. कामात तिचा हात धरणारं कोणी नाही, पण एका हॉटेल कंपनीनं तिच्या नाकी नऊ आणले होते. जेवणाच्या हॉलचे पडदे लावून वर्ष होत आलं, तरी पैशांचं विचारलं की मॅनेजरचं "या आठवड्यात नक्की" काही संपेना.

"वकीलबाई, नोटीस ठोका," ती माझ्या ऑफिसात येऊन म्हणाली. कामाचं बोलायचं असलं की मी नणंदेची वकीलबाई होते.

मी बिल पाहिलं. "साधी नोटीस तो टोपलीत टाकेल. त्याला घाम फुटेल तो वैधानिक नोटिशीनं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर कंपनी बुडीत काढा म्हणून कोर्टात जाता येतं. पण त्यासाठी थकबाकी किमान किती हवी, ते कायद्यानं ठरवलंय. तुझी त्याच्या जराशी खाली आहे."

"जराशी म्हणजे?"

"दोन-चार पडद्यांची."

"सुताराची आणि लॉन्ड्रीवाल्याचीही अशीच अडकलीय. मेला मोजून-मापून उधारी ठेवतो!" म्हणत ती उठली.

पुढच्याच महिन्यात हॉटेलात मोठी परिषद ठरली. स्टेजला पडदे हवे होते, तेही तातडीनं. मॅनेजरचा फोन आला आणि वहिनी गोड आवाजात म्हणाली, "करते की! फक्त ऑर्डर लेखी द्या."

दादा भडकला. "आधीचे पैसे मिळेनात आणि पुन्हा त्याच्याच दारात?"

मलाही धाकधूक होतीच. "वहिनी, कापडाचाही खर्च बुडेल गं."

"हॉटेल रोज भरलेलं असतं. पैसा आहे त्याच्याकडे, दानत नाही. तू फक्त कागद चोख ठेव."

पडदे लागले, पोच मिळाली. पैसे द्यायची ठरलेली तारीख उलटताच मी नोटीस तयार केली आणि आम्ही दोघी ती द्यायला गेलो.

मॅनेजर हसला. "वकीलबाई, याला किमान रक्कम लागते, माहीत आहे ना?"

"बेरीज बघा," वहिनी म्हणाली.

त्यानं बघितली. मग खुर्ची मागं सारून तो मालकाच्या केबिनकडे गेला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही.

मुदत संपायच्या आत जुनं-नवं सगळं बिल चुकतं झालं. दादानं विचारलं, "आता तरी त्याचं काम सोडशील ना?"

"का सोडू? गिऱ्हाईक चांगलं आहे," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाली. "निम्मे आधी घेईन, एवढंच."