बावीस नंबरचं दुसरं पान

मी एक जुनी, तिरक्या रेघांची वही आहे, मित्रांनो. छपाईच्या दिवशी यंत्राचं काहीतरी बिनसलं आणि माझ्या रेघा उतरणीला लागल्या. त्यात माझा काय दोष? पण जोडे करणाऱ्या काकांनी मला उघडलं, "छे!" म्हणाले आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. तिथे मी सहा वर्षं काढली.

काका साधे जोडे करत नसत. ज्यांचा एक पाय आखूड किंवा वाकडा असतो, त्यांच्यासाठी ते खास जोडे घडवत आणि प्रत्येक पायाचं माप वहीत टिपत. नाव विचारायची त्यांना सवयच नव्हती. पानावर लिहायचे, 'बेकरीवाला', 'टपालवाल्या ताई', 'शिंकणारे वकील'. अशा सदतीस वह्या, सगळ्या निळ्या, कपाटात कोंबलेल्या. एक माप शोधायचं म्हणजे अख्खी सकाळ गेलीच. वर काकांचं ठरलेलं उत्तर, "सगळं माझ्या डोक्यात आहे!"

मग त्यांची मुलगी कामाला बसू लागली. तिला माझी दया आली असं मी म्हणणार नाही. तिला कोरी वही हवी होती. तिने टेबलाखाली लाकडाचा तुकडा सारला आणि मला झटकलं. निळ्या वह्यांवर ठळक आकडे घातले आणि माझ्या पानांच्या कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापल्या. 'ब' उघडलं की बेकरीवाला, 'ट' उघडलं की टपालवाल्या ताई, आणि पुढे वहीचा नि पानाचा आकडा. दोन महिने ती रोज थोडं थोडं उतरवत होती. माझ्याकडे एकही माप नव्हतं, पण प्रत्येक मापाचा पत्ता होता. मी जरा फुशारलेच होते.

एका सोमवारी टपालवाल्या ताई लंगडत आल्या. त्यांचा उजवा जोडा एका कुत्र्याने पळवला होता. आठवडाभर भलत्याच जोड्यात फेरी मारून पाय टम्म सुजला होता.

"काका, गुरुवारी चालण्याची तपासणी आहे. नाही जमली तर नोकरी गेली म्हणून समजा."

सुजलेल्या पायाचं माप घेऊन उपयोग नव्हता. सूज उतरली की जोडा सैल पडला असता. जुनंच माप हवं होतं, आणि काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. वाचायला सक्त बंदी.

मुलीने ऐटीत मला उघडलं. वही चौदा, पान बावीस. वही चटकन निघाली, पान निघालं, आणि त्यावर होता बेकरीवाल्याचा डावा पाय! मुलीचा चेहरा उतरला. एक नोंद चुकली, मग बाकीच्या शेकडो नोंदींचं काय? ताई खुर्चीत टेकल्या. मला तर वाटलं, त्यापेक्षा टेबलाखालीच बरी होते.

"पाय कुठला गं?" काकांनी विचारलं.

"उजवा."

"मग वही उलटी कर की! डावे पाय पुढून, उजवे पाय मागून."

"बाबा, हे आधी नाही का सांगायचं?"

"यात सांगायचं काय? चाळीस वर्षं तसंच चाललंय."

मुलीने वही उलटी केली. काकांनी मागच्या बाजूनेही एकपासून पानांचे आकडे टाकले होते. तिथलं बावीस काढलं. 'टपालवाल्या ताई, टाचेखाली पाऊण इंच.' उलटं लिहिलेलं तिने उतरवताना पाहिलं होतं, पण काकांनी घाईत वही उलटी धरली असेल असंच तिला वाटलं होतं. ताई हसता हसता डोळे पुसू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मुलीने कातडं कापलं, काकांनी चाचपून चाचपून शिवण तपासली. गुरुवारी दुपारी ताई दारातूनच ओरडल्या, "पास!"

डोळ्याची पट्टी सुटल्यावर काकांनी मला मागून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पुढून' किंवा 'मागून'. पूर्ण व्हायला आठ दिवस लागले. माझ्या तिरक्या रेघांवर त्यांचं अक्षरही घसरत होतं, पण त्यांनी एकदाही "छे" म्हटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वह्यांना आकडे घाला आणि कुठे काय आहे ते एका जागी लिहून ठेवा. आपल्याला सगळं आठवतं हो! पण आपण जवळ नसताना कुणीतरी दुखरा पाय घेऊन दारात येतं, आणि त्याला माप त्याच दिवशी हवं असतं.