ग्लिसरीनचे थेंब

लुमूचा कर्करोग पसरला तेव्हा डॉक्टर एस्टेला म्हणाली, आता याचं पिल्लू व्हायचं तर ते गोठवलेल्या वीर्यातूनच. आमच्या सबा राज्याच्या जंगलातला हा शेवटचा नर गेंडा. मी त्याचा राखणदार, रोज हातानं पाला भरवणारा.

आधीचे सगळे प्रयत्न फुकट गेले होते. शेवटचं वीर्य हाती लागलं त्याच दिवशी दातुक हा किताब मिरवणाऱ्या आमच्या मंत्रीसाहेबांना समारंभ सुचला. मांडव, भाषणं, गेंड्याच्या आकाराचा केक. आत एस्टेला वाकून वीर्यात ग्लिसरीन सोडत होती, एकेक थेंब. शुक्रजंतूभोवती चरबीचं तलम कातडं असतं. पाण्यात विरघळलेलं ग्लिसरीन त्यातून आत झिरपतं आणि गोठताना त्याला वाचवतं. पण सावकाश दिलं तरच. एकदम ओतलं की आतलं पाणी भसकन बाहेर पडतं, जंतू चुरगळतो, कातडं फाटतं.

दातुक दारात ताट घेऊन उभे. आमच्याकडे पुढे केलेल्या अन्नाला निदान बोट लावावं लागतं, नाहीतर मगर धरते, झाड अंगावर पडतं.

"ये गं पोरी, बोट तरी लाव. आज अपशकुन नको."

एस्टेला शिकलेली, पण वाढली आमच्याच गावात. तिनं ड्रॉपर जोडीच्या डॉक्टर अझलानकडे दिला आणि बाहेर गेली. कॅमेरेवाल्यांनी तिला तिथंच अडकवलं. परतली तर भांडं तयार.

"एवढ्यात?"

"दातुक खोळंबले होते गं. उरलेलं ग्लिसरीन एकदमच ओतलं. चमचाभर तर होतं."

तिनं नळ्या भरल्या, गोठवल्या. बाहेर टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात लुमू गेला. मग तिनं एक नळी वितळवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"मामा, तुम्ही बघा. हलतंय काही?"

शेपट्या वळलेल्या, सगळं निपचित.

"एखादं हलल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो.

"खोटं नका बोलू, मामा."

उरलेल्या नळ्या टाकीत आहेत. टाकीवर दातुकांच्या नावाची पितळी पाटी. शाळेच्या सहली येतात, त्यांना सांगतात, गेंडा इथं जिवंत ठेवलाय. थू! आतला द्रव नायट्रोजन उडून जातो, म्हणून मी तो पुन्हा पुन्हा भरतो. भरणं बंद करा, असं खरं तर एस्टेलानं म्हणायला हवं. ती म्हणत नाही. मीही विचारत नाही.