बयूमीचा रांजण

शुक्रवारची दुपारची नमाज संपली की कफ्र-अल-नख्ला गावातली निम्मी माणसं जेवायला घरी जात आणि उरलेली निम्मी बयूमीच्या अंगणात. त्या दिवशी तर पत्र्याच्या मांडवाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मनसूरा शहराहूनसुद्धा गाड्या करून लोक आले होते. पुढच्या बाकावर एक माणूस उघड्या पाठीने ओणवा बसला होता. त्याच्या पाठीवर काचेच्या तुंबड्या चिकटल्या होत्या आणि प्रत्येकीत काळंभोर रक्त साकळत होतं.

"नीट बघा," एक तुंबडी काढून गर्दीपुढे फिरवत बयूमी म्हणाला. "हे काय रक्त आहे? हा रोग आहे. सरकारी मशीनला दिसत नाही, मला दिसतो. मशीन जर्मनीची, डोळा बयूमीचा."

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर ओढण्या धरल्या.

हा बयूमी तीन वर्षांपूर्वी स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचा. आता लोक त्याला शेख म्हणत. मशिदीचे इमाम तेवढे अजून नुसतं बयूमी म्हणत.

"आणि ज्याचा विश्वास नाही, त्यानं बदवीला विचारावं. ऊठ रे बदवी."

बदवी उठला. पन्नाशीचा, मायक्रोबस चालवणारा माणूस. त्याने खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून दोन्ही हातांनी वर धरला. "मला रक्ताचा कर्करोग होता. हा बघा ताजा रिपोर्ट. सगळं जागेवर. सात महिन्यांत गोळी जिभेला लावलेली नाही."

"ऐकलंत?" बयूमीने कोपऱ्यातल्या मोठ्या मातीच्या रांजणावर थाप मारली. "एका शरीरात दोन औषधं नांदत नाहीत. गोळी म्हणजे विष. ज्याला माझा मध आणि माझी तुंबडी पाहिजे, त्यानं आपलं विष या रांजणात सोडायचं. मी ते मंतरून मातीला देतो. कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या कुणाला बाधेल."

बायकांच्या मागे उभ्या असलेल्या इन्साफने टाचा उंचावून पाहिलं. रांजणाकडे जाणाऱ्या रांगेत तिचा धाकटा भाऊ शहाता उभा होता आणि त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्या डब्यात काय होतं ते तिला माहीत होतं. शहाता पिंजारी होता, आणि दोन वर्षांपासून त्यालाही बदवीसारखाच रक्ताचा कर्करोग होता. लग्नघरी जाऊन वधूच्या गाद्या-रजया तिथेच बसून भरायच्या, ही इथली रीत. दुपारची गोळी चुकू नये म्हणून तो गोळ्यांच्या पट्टीचे आपल्या दातेरी कात्रीने एकेक गोळीचे चौकोन कापून ठेवी आणि रोज एक चौकोन बंडीच्या खिशात टाकून कामाला जाई. महिनाभराचे चौकोन त्या डब्यात होते.

डबा रांजणात रिकामा झाला. पाचोळा पडावा तसा आवाज आला.

इन्साफ मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. त्या संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली तेव्हा समजवायला नव्हे, भांडायलाच गेली होती. पण शहाता हसतमुखाने पुढे आला आणि तिचं अवसान गळालं. पुढचे काही दिवस तर ते रोज थोडं थोडं गळत राहिलं, कारण शहाताला खरंच बरं वाटत होतं. दोन वर्षं सकाळी सुजणाऱ्या त्याच्या पापण्या उतरल्या. पोटऱ्यांत गोळे येणं थांबलं. बाऊलभर फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, खाऊनही मळमळ नाही.

"बघा वन्सं," अशाच एका संध्याकाळी तिची भावजय करीमा म्हणाली, "माणूस कसा हिरवागार झालाय. तुमची ती डॉक्टरीण दोन वर्षांत एवढं करू शकली नाही."

"वहिनी, सूज गोळीमुळे होती. गोळी थांबली, सूज थांबली. रोग कुठे थांबलाय?"

"रोग आहे कुठे?" शहाता म्हणाला. "ताई, मागचा रिपोर्ट तूच वाचून दाखवलास. पांढऱ्या पेशी जागेवर. मग बरं झाल्यावर औषध कोण घेतं? तुला ताप उतरल्यावर कधी गोळी घेताना पाहिलं नाही."

"हा ताप नाही."

"पहिल्या वर्षी करीमाच्या बांगड्या गेल्या या गोळीत. मग गोळी फुकट मिळायची सरकारी मंजुरी आली, तर दर सहा महिन्यांनी नवा रिपोर्ट, नवा शिक्का, त्या खिडकीपुढे दिवसभर उभं राहणं. मी काय जन्मभर असा उभा राहू?"

इन्साफने पायाने फरशी चाचपली. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. ते बसले होते ते शहाताचं दुकान, घराचाच पुढचा भाग, रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होतं आणि कालव्याच्या बाजूने त्यात सारखं पाणी झिरपायचं. कोपऱ्यातली लहानशी मोटार ते बाहेर फेकत घरघरत होती.

"फरशी कोरडी आहे ना?" ती म्हणाली.

"आहे."

"मग मोटार विकून टाक."

"वेड लागलंय का? दोन दिवसांत कापूस भिजेल."

"दोन दिवस तरी लागतील ना? बंद केल्या केल्या तर नाही भिजणार. तुझा रोगही तसाच सावकाश झिरपणारा आहे. रिपोर्ट चांगला आला, कारण मोटार चालू होती."

शहाताने सुई रजईत खुपसली. "आणि बदवी? त्याची मोटार सात महिने बंद आहे. त्याचं दुकान का नाही बुडालं?"

बदवीचं कोडं ती घरी जाताना उलटसुलट करत राहिली. मंजुरीचं नूतनीकरण पुढच्याच आठवड्यात होतं. त्या दिवशी शहाता गेला नाही तर फाइल बंद होणार होती, आणि पुन्हा उघडेपर्यंत त्याच्या रक्तात काय काय झालं असतं, याचा हिशेब तिला झोपू देत नव्हता.

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. शाळेला सुट्टी होती. इन्साफ सकाळी दुकानात बसली होती, तेवढ्यात बदवी मुलीच्या लग्नाच्या रजया सांगायला आला. पायऱ्या उतरून तो उजेडात आला आणि इन्साफ त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. दोन्ही पापण्या भिजवलेल्या वालासारख्या फुगल्या होत्या. दोन वर्षं सकाळी तिने शहाताच्या पाहिल्या होत्या, तशाच.

पापण्या मूत्रपिंडाच्या दुखण्यानेही सुजतात, जागरणानेही. एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर तिने स्वतःच्याच वहीवर लाल रेघ मारली असती. पण ही गोळी भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते, नाहीतर पोट ढवळून निघतं, हेही तिला माहीत होतं.

"बदवीभाऊ, जेवूनच जा आता," ती म्हणाली. "हवं तर पाया पडते, पण जाऊ नका. मुलीच्या रजया सांगायला आलेला माणूस तोंड गोड केल्याशिवाय जात नाही. वहिनी, मोलोखियाची पालेभाजी टाक."

"अहो, कशाला त्रास," बदवी म्हणाला आणि बसला.

रजयांच्या रंगांवर बरंच बोलणं झालं. मुलीला गुलाबी हवा होता, तिच्या सासूला निळा. "सासूला निळाच द्या," शहाता म्हणाला, "नाहीतर ती मुलीला काळीनिळी करेल." बदवी पोटभर हसला, पोटभर जेवला. मग हात धुतले, पाण्याचा मोठा पेला भरून घेतला आणि तो हातात घेऊन कापसाच्या ढिगाआड निघाला.

"इथेच प्या की," इन्साफ म्हणाली.

"जरा... वारा घेतो."

"तिथे भिंत आहे, भाऊ. वारा इकडे आहे."

बदवी थांबला. डावा हात सदऱ्याच्या खिशात होता. पुढचं पाऊल टाकताना त्याच्या पोटरीत गोळा आला, पाय लाकडासारखा ताठला आणि तो कळवळून कापसावर कोसळला. पेला सांडला. खिशातला हात बाहेर आला तसा एक चकचकीत चौकोन फरशीवर पडला.

इन्साफ जागची हलली नाही. शहाताने तो उचलला. बोटाने कड चाचपली. मग भिंतीवरची आपली कात्री काढून तिच्या दातांना ती कड लावून पाहिली. एक दात मधेच तुटका होता. चौकोनाच्या कडेलाही बरोब्बर तिथेच दात नव्हता, सरळ रेघ होती.

"ही माझी गोळी आहे," तो अगदी हळू म्हणाला.

बदवी कापसात उठून बसला. मोटार घरघरत होती.

"मी चोर नाही," बदवी पोटरी दाबत म्हणाला. "मी सूतगिरणीत होतो. गिरणी बंद पडली, पण कागदावर मी अजून नोकरीत आहे. सरकारी खिडकी म्हणते, तुझा विमा आहे, तिकडे जा. विमावाले म्हणतात, गिरणीच नाही, तर विमा कसला. बाजारातून घेतली ती गोळी, मायक्रोबसचा हिस्सा विकेपर्यंत. मग बयूमी म्हणाला, दर शुक्रवारी उभा राहा, मी देतो. रांजणातलं मला थोडं, बाकी तो शहरात विकतो."

"आणि ज्यांनी टाकल्या ते?" करीमाने विचारलं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझा नवरा?"

बदवीने मान वर केली नाही. "पहिले दोन-तीन महिने सगळ्यांनाच बरं वाटतं. पुढे जे येईनासे होतात, त्यांना तो म्हणतो, विश्वास कमी पडला."

शहाता त्याच्यावर हात उगारेल असं इन्साफला वाटलं. त्याने चौकोन बदवीच्या तळहातावर ठेवला. "घे आता. जेवण झालंय तुझं."

दुसऱ्या दिवशी इन्साफ, शहाता आणि बदवी एकाच गाडीने मनसूराला गेले. शहाताच्या पांढऱ्या पेशी वर सरकल्या होत्या. फार नाही, पण सरकल्या होत्या. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नूतनीकरणाच्या कागदावर सही केली. बदवीसाठी इन्साफ दिवसभर रुग्णालयाच्या समाजसेवा खात्यात बसून राहिली. गिरणीचा कागद रद्द होईपर्यंत देणगीतून गोळी मिळेल, असं तिथल्या बाईंनी तपासून सांगितलं. "शुक्रवारी तुम्ही काय करायचं ते तुम्हीच ठरवा," परतताना ती बदवीला म्हणाली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

शुक्रवारी अंगण तसंच भरलं. तुंबड्या काळ्या झाल्या. "हा रोग आहे," बयूमी म्हणाला.

"एक तुंबडी स्वतःच्या पाठीला लावा," इन्साफ बायकांमधून पुढे येत म्हणाली. "तुम्हाला तर रोग नाही ना?"

"बाई, उपचाराची चेष्टा करू नये."

"मग मला लावा. इथे कुणालाही लावा. चिरेतून निघालेलं रक्त गरम काचेत थांबलं की साकळतं आणि काळं दिसतं. घोड्यासारख्या धडधाकट माणसाचंही."

"माझ्या मनगटाला लावा," मागून इमाम म्हणाले. गर्दी वळली. बयूमीने हसून हात झटकले आणि हुकमाचं पान काढलं. "बदवी, ऊठ. दाखव यांना."

बदवी उठला. त्याने खिशातून रिपोर्टचा कागद काढला. इन्साफकडे पाहिलं. मग त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या खिशातून दातेरी कडांचे चौकोन काढून उघड्या तळहातावर धरले.

"रिपोर्ट खरा आहे," तो म्हणाला. "मध खोटा आहे. मी रोज गोळी घेतो. तुमची. तुम्ही रांजणात टाकलेली."

शहाता रांजणापाशी पोचला होता. त्याने तो दोन्ही हातांनी आडवा केला. आत काहीच नव्हतं. माती नाही, गोळी नाही. तळाशी हात जाईल एवढं भोक होतं आणि रांजण टेकलेला होता तिथे भिंतीतही तसंच भोक होतं, पलीकडच्या बयूमीच्या खोलीत उघडणारं.

बयूमी मागच्या दाराने निसटला. काही तरुण धावले. इन्साफ गेली नाही. तिच्यासमोर हातात रिकाम्या पिशव्या धरून उभी माणसं होती आणि त्यांच्यापैकी कुणी कधी गोळी थांबवली हे तिला विचारायचं होतं.

"तुम्ही मूर्ख नाही," ती त्यांना म्हणाली. "तुम्हाला बरं वाटलं ते खरंच होतं. पण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो तपासावा लागतो. गोळीने त्रास होतो तर डॉक्टरांना सांगा. पैसे नाहीत तर तेही सांगा, लाज वाटू देऊ नका. तिथे भांडा, रडा, खिडकीपुढे बसून राहा, मी येते बरोबर. फक्त तपासल्याशिवाय कुणाच्या रांजणात काही टाकू नका. आता सांगा, शेवटची गोळी कुणी कधी घेतली?"

एक म्हातारी पुढे आली. मग तिच्यामागे रांग लागली.

संध्याकाळी शहाताने नवी पट्टी आणि कात्री काढली आणि एकेक चौकोन कापत बसला. पापण्या उद्यापासून पुन्हा सुजतील, हे त्याला माहीत होतं. मधेच उठून त्याने मोटारीला हात लावून पाहिला. गरम होती. चालू होती.