आप्पासाहेबांपुढं ‘ऑल इन’

गोव्याला जाऊन आल्यापासून आप्पासाहेबांना तीन पत्ती गावंढळ वाटू लागली. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या ऑफिसच्या गच्चीवर रविवारी दुपारी पोकर सुरू झाला. पैशांवर नाही, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्यांवर. हरण्यात कुणाचं काही जात नव्हतं, तरी आप्पासाहेबांना हरताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांची रीत प्लॉटिंगच्या धंद्यातलीच. पत्ते नीट बघायच्या आधीच चकत्यांचा ढीग पुढं लोटायचा आणि समोरच्याकडं असं बघायचं, की त्याला आपल्या जमिनीची हद्द आठवावी. त्यांचा उजवा हात बन्सी तर दोन एक्के आले तरी पत्ते टाकून द्यायचा.

बिभीषणचं गुलमंडीत पडद्यांच्या कापडाचं दुकान. आप्पासाहेबांची नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. म्हणून तो दर रविवारी येऊन इमानदारीत हरायचा.

त्या दिवशी त्याच्या हातात दोन राण्या आल्या. टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेल्या पाच पत्त्यांत मात्र एक राजा निघाला; कुणाच्या हातात दुसरा असला, तर ती जोडी राण्यांना भारी. आप्पासाहेबांनी ढीग लोटला.

“माझ्याकडं दुसरा राजा हाय. टाक पत्ते. लई पाहिले तुझ्यासारखे!”

बिभीषण टाकणारच होता. पण त्याच्या मनात आलं, पत्ते खरंच चांगले आले की हा माणूस गप बसून शेंगदाणे खातो. आत्ता तर बोलणं थांबेना. डोळ्यांपुढून खिडक्या सरकल्या, एकेक करून.

“ऑल इन,” तो म्हणाला आणि सगळ्या चकत्या पुढं सारल्या.

बन्सीनं टेबलाखालून लाथ हाणली. “चुकून बोलला, आप्पासाहेब.”

“चुकून नाय.”

चारचौघांत माघार घेणं आप्पासाहेबांना जमण्यासारखं नव्हतं. “दाखव मग,” म्हणत त्यांनी आपले पत्ते आपटले. सत्ती आणि तिर्री. कशाचा कशाला मेळ नाही.

मग बन्सीनं टाळी वाजवली. “वा! मुद्दाम डाव दिला! केवढं मन!”

आप्पासाहेबांनी जरा विचार केला. “व्हय. म्हटलं, एकदा हौस होऊ दे त्याची.”

“मी जिंकलो,” बिभीषण म्हणाला.

“जिंकलास की!” बन्सी म्हणाला. “त्यांच्या कृपेनं.”

पडद्यांचं काम त्यालाच मिळालं. एवढं मोठं मन जाहीर झाल्यावर दुसरं काही करणं आप्पासाहेबांना शक्यच नव्हतं. गुलमंडीत जो तो अभिनंदन करू लागला, “तुला जिंकू दिलं म्हणं!” बिभीषण घरी येऊन धुसफुसायचा. “चिडता कशाला?” त्याची बायको सुरेखा म्हणायची. “कापड मोजा.”

आप्पासाहेबांनी मात्र डावाच्याच दिवशी त्याला जिन्यात एकटं गाठलं होतं. “खरं सांग, कसं कळलं रं तुला?”

निदान एका माणसाला खरं माहीत होतं, या आनंदात बिभीषण बोलून गेला, “तुम्ही लई बोलत होता.”

पुढच्या रविवारी आप्पासाहेबांनी तोंडातून ब्रही काढला नाही. त्या शांततेला घाबरून सगळे पटापट पत्ते टाकू लागले. बिभीषणला आता काहीच कळेना. हातात चांगले गुलाम होते, तेही त्यानं टाकले.

“आप्पासाहेबांनी मौन धरलंय,” बन्सी हळूच सगळ्यांना सांगत होता. “अध्यात्माकडं वळलेत.”