सातवं ठिकाण

आमच्या किनाऱ्यावर 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' आहेत, असं नगरपालिकेचा नकाशा म्हणतो. त्यातलं सातवं म्हणजे भट्टी. तिथे गाड्या लावायला जागा आहे, कठडा आहे, बाक आहे, फलक आहे. नाही ती भट्टी.

खरी भट्टी सहा किलोमीटर अलीकडे, कड्याखालच्या अरुंद घळीत आहे. लाट आत शिरली की वाफेसारखा फवारा उठतो, म्हणून ते नाव. स्पेनमधल्या आमच्या अख्ख्या गॅलिसियात सगळ्यांत जाड पेर्सेबे, कालवांसारखी खायची, मिळतात ती तिथे, अंगठ्याएवढी, काळी, खडकाला चिकटलेली. नाताळच्या ताटात ती हवीतच. ती खरवडून आणणं हा आमच्या घरचा धंदा. आधी पप्पा जात, मग माझा धाकटा भाऊ एलोय आणि मी जायला लागलो. भट्टीचं नाव बाजारात सगळ्यांच्या तोंडी होतं, जागा मात्र गावातल्या चारदोन घरांनाच ठाऊक होती. चोरून खरवडणारे ती हुडकत फिरायचे.

आठ वर्षांपूर्वी नगरपालिकेची ओलाया रेकॉर्डर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. म्हाताऱ्या माणसांकडून कड्यांची नावं गोळा करत होती बिचारी. पप्पांनी तिला वाइन ओतली आणि कमालीच्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की भट्टी म्हणजे ते पलीकडचं भूशिर. तिथे कुरव पक्ष्यांच्या शिटेखेरीज काही नाही. एलोयला हसू आवरेना. ओलायाला वाटलं, बापलेकांची काहीतरी जुनी थट्टा असेल. ती गेल्यावर मीही पोट धरून हसले.

"बसू देत चोरांना शीट खरवडत," एलोय म्हणाला.

नकाशा छापला गेला. भूशिरावर फलक लागला आणि त्याला एक बटण. दाबलं की पप्पांचा आवाज येतो. आम्ही बरीच वर्षं ती गंमत पाहुण्यांना सांगत होतो. घरातच सांगत होतो, बाहेर नाही.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या मोठ्या ओहोटीला एलोय घळीत उतरला होता. मी वर दोर धरून होते. पाऊस तिरपा लागत होता. एक लाट आली, त्याला उचलून घेऊन गेली आणि दोर कड्याच्या धारेवर तुटला. फेसात त्याचं डोकं दिसत होतं, एक हात वर होता. मी मदतकेंद्राला फोन लावला. फोनवरच्या बाईने विचारलं, कुठे? मी म्हटलं, भट्टी. माझ्या तोंडी त्या जागेला दुसरं नाव कधी नव्हतंच.

"नकाशावर सापडलं," ती म्हणाली. "तिथून हलू नका."

अकरा मिनिटांत हेलिकॉप्टर आलं. त्यांना नावं ठेवायला जागा नाही. मी जाकीट काढून हलवलं. ते पावसात माझ्या डोक्यावरून गेलं, ते गेलंच. तेव्हा मला आठवलं.

सातव्या ठिकाणी त्या दिवशी काही प्रवासी होते. त्यांनी हेलिकॉप्टरला हात केले, व्हिडिओ काढले. ते मी नंतर पाहिले. मी पुन्हा फोन करून ते माघारी येईपर्यंत पाण्यावर काही उरलं नव्हतं. एलोय चौथ्या दिवशी सापडला.

पप्पांना मी काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? हसले होते ना मीपण.

गेल्या वर्षी मात्र मी ओलायाला जाऊन खरं काय ते सांगितलं. ती पांढरीफटक पडली. नकाशा बदलते म्हणाली, फलकही काढते, पण फलकावर आवाज सेन्यॉर अमान्सिओंचा, म्हणजे पप्पांचा, आहे, तेव्हा त्यांनीच येऊन खरी जागा सांगून सही करायला हवी. बरोबरच होतं तिचं. पप्पा एका शब्दात हो म्हणाले. एलोयच्या मातीला घातला होता तोच कोट त्यांनी घातला. वाटेत म्हणाले, सातव्या ठिकाणी गाडी थांबव. एलोय गेल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते.

त्यांनी बटण दाबलं. "भट्टी म्हणजे ते पलीकडचं भूशिर. माझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव. लिहून घे, पोरी." आणि त्यामागे एलोय हसला. तोंडभर, शेवटी लागणाऱ्या उचकीसकट. घरी आमच्याकडे त्याचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही.

पप्पांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. बाकावरचं एक जोडपं पाव खात होतं. एलोयचं ऐकून तीही दोघं हसायला लागली.

"पप्पा, ओलाया वाट बघतेय."

"हे काढून टाकतील ना गं?"

"खोटं आहे म्हटल्यावर काढतीलच. नक्कल मागून घेऊ तिच्याकडून. घरी ऐका."

"घरी एकट्याने ऐकू? इथे चार माणसं हसतात त्याच्याबरोबर."

"मी अजून उतरते त्या घळीत, पप्पा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

सही अजून झालेली नाही. ओलाया आता फोन करायची थांबलीय. पप्पा रोज सकाळच्या बसने तिथे जातात आणि येईल त्याला बटण दाबून ऐकवतात. मी भट्टीत उतरते. दोर धरायला माझी मावसबहीण असते. तिला मी दहादा बजावलंय, फोनवर भट्टी म्हणू नकोस. पण घाबरल्यावर तोंडात बसलेलंच नाव येतं, माझ्याही आलं होतं. तसं झालं, तर हेलिकॉप्टर सरळ सातव्या ठिकाणी जाईल. पप्पा तिथे असतीलच.