मिस अर्लीनची उशी

फोनच्या काचेवरचा ठिपका आता तांबडा होता, मसुराच्या दाण्याएवढा, आणि जोनेल पापणी न हलवता त्याच्याकडे बघत होती... दहा वाजून चार मिनिटं. मिस अर्लीन खुर्चीत बसलेल्या नव्हत्या.

एक्क्याऐंशी वर्षांच्या मिस अर्लीन सकाळी नवाला घराबाहेरच्या ओट्यावर खुर्चीत बसल्या की गल्ली जागी झाली असं समजायचं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या त्या गल्लीत म्हाताऱ्या माणसाची खुर्ची रिकामी दिसली तर शेजारी दार वाजवतात, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. पण हल्ली बरेच शेजारी उजाडायच्या आत कामाला जातात. म्हणून जोनेलने उशीत वजन ओळखणारी पट्टी शिवली होती — दहापर्यंत कोणी बसलं नाही, तर गल्लीतल्या पाच फोनांवर निरोप, आणि तिच्या फोनवर तांबडा ठिपका. अकरा महिने, दर शनिवारी, चर्चच्या याच तळघरात. आपल्या काळ्या मुलांनी यंत्रं नुसती वापरायची नाहीत, बनवायची, आणि चारचौघांत उभं राहून ती का बनवली ते सांगायचं, असं इथे शिकवणारे आयसम सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते... आज वर सभागृहात स्पर्धेचे परीक्षक बसले होते, ज्याला निवडतील त्याला उन्हाळाभर खऱ्या प्रयोगशाळेत काम मिळणार होतं, आणि साडेदहाला तिची पाळी होती.

यंत्र बोललं — हेच पहिलं मनात आलं. उशी काल संध्याकाळी तर पोचवली होती, आणि आजच, नेमका आजच, निरोप गेला! ती जागच्या जागी नाचली, आनंद पोटात मावत नव्हता... आणि मग, अंधारात पायरी चुकावी तसं, तिला कळलं की यंत्र खरं असेल तर म्हातारी न्हाणीघरात पडलेली असेल. ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्या मिस अर्लीन. भर चर्चमध्ये मी अडखळले तेव्हा पहिल्या बाकावरून "सावकाश, बाळा, आम्हाला कुठे जायचंय" म्हणणाऱ्या. आणि मी नाचत होते. क्षणभर असेल, पण नाचत होते, खोटं कशाला बोलू?

तिने फोन लावला. कोणी उचलेना. आयसम सर जिन्यावरून खाली आले, तिचा चेहरा बघून जवळ येऊन उभे राहिले. तेवढ्यात मिस अर्लीनचाच फोन आला.

"पोरी, माझ्या दारात पाच माणसं उभी आहेत. एकाच्या कानाला अजून साबण आहे. मी मेले म्हणून कोणी उठवलं?"

"तुम्ही खुर्चीत नव्हतात, मिस अर्लीन."

"नव्हते कशी? नवापासून बसलेय."

"उशीवर?"

"त्या नव्या उशीवर? तू हातांनी शिवलेली उशी मी ओट्यावर धुळीत टाकीन होय? आतल्या बैठकीत ठेवलीय, प्लास्टिक घालून. पाहुण्यांसाठी."

जोनेल हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या बैठकीतला सोफा तीस वर्षं प्लास्टिकमध्ये आहे. लहानपणी त्यावर बसून उठताना तिच्या मांड्या चिकटायच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! अकरा महिने आकडे तपासले, पण उशी ठेवणार कुठे, एवढं विचारलं नाही... पट्टी जुन्या, झिजलेल्या उशीत हवी — नाही, खुर्चीच्या पायाखाली — आणि नुसतं बसणंच का ओळखायचं, त्यांना विचारायला हवं, आजच विचारायला हवं. मघापेक्षाही मोठं काहीतरी आत उड्या मारत होतं.

आयसम सरांनी सगळं ऐकलं होतं. "निरोप गेला, माणसं धावली. तेवढंच सांगितलंस तरी खोटं होणार नाही," ते म्हणाले, मग टाय सारखा करत थांबले. "पण यंत्र तुझं आहे. काय सांगायचं तेही तुझंच."

वरून तिचं नाव पुकारलं. ती दोन-दोन पायऱ्या चढत गेली. प्लास्टिकचं सांगायचं, ते ठरलं होतं. सभागृहातल्या प्रत्येक आजीच्या घरी तशी एक बैठक असते, त्या हसतील. पण दुसरं? ठिपका तांबडा झाला तेव्हा मला आधी यंत्र दिसलं आणि माणूस मागून आठवलं, हे? ते सांगितल्याशिवाय उशी दुरुस्त होणारच नाही असं तिला वाटत होतं... आणि ती प्रयोगशाळाही हवी होती, अगदी आधीइतकीच हवी होती. माइक तिच्या उंचीला फार वर होता. तिने तो खाली ओढला आणि तोंड उघडलं, कुठलं वाक्य आधी बाहेर येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं.