आभाळ दिसेल इतकं

मिस्त्री पुन्हा शिडीवर चढला. फांद्यांमधल्या एका भोकात त्यानं हात घातला, तो थेट कोपरापर्यंत गेला, आणि कुणी पाठीमागून टिंगल केल्यासारखा त्याला राग आला.

"हे बघ!" तो वरूनच ओरडला. "यातून मांजर पडेल खाली."

"पडू दे," ड्रायव्हर म्हणाला. तो अंगणात बाकं लावत होता. "आपलं एक पान वाढलं."

"हसू नकोस. उद्या लोक म्हणतील, हे मिस्त्रीनं बांधलंय."

"अरे, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तुला गळकं काम कर म्हणतंय. मजा कर की!"

मिस्त्रीला मजा करता येत नव्हती. त्याचं अख्खं आयुष्य लोकांची छपरं बंद करण्यात गेलं होतं. पत्रे, डांबर, पन्हळी, भेगा. कुणाच्या घरी गेला तर आधी वर बघायचा, मग माणसांकडे. लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसला तरी एक डोळा कोपऱ्यातल्या ओलीवर. आणि आता त्याच्या स्वतःच्या इमारतीच्या अंगणात, त्याच्याच परांचीच्या बांबूंवर, त्याच्याच हातानं असलं चाळणीसारखं काहीतरी उभं राहत होतं.

हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निम्म्या इमारतीला त्यांनी पाढे शिकवले होते, मिस्त्रीच्या लेकीलासुद्धा. इमारतीत ज्यूंचं घर तेवढं एकच. सुक्कोतचा सण आला की बाई दरवर्षी आपल्या गॅलरीत एवढासा मांडव घालायच्या आणि जो दिसेल त्याला आत कोंबून जेवायला वाढायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. दुसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली, मग अंगणात घालू, सगळेच बसू. इथे कुणाचाही सण आला की सगळ्यांची बाकं बाहेर निघायची, त्यामुळे कुणी फार चर्चा केली नाही. भिंतींना प्रत्येक घरातून एकेक चादर आली. ड्रायव्हरनं बदकांची दिली. त्याच्याकडे दुसरी धुतलेली नव्हती.

बाई खुर्चीत बसून काठीनं वर दाखवत होत्या.

"तिकडे दाट झालंय. जरा सैल करा."

"बाई, अजून सैल केलं तर छप्पर कुठंय म्हणून शोधावं लागेल."

"सावली पुरे. रात्री वर बघितलं की तारे दिसायला हवेत. आठवडाभर पक्क्या घरातून उठून असल्या घरात जेवायचं, एवढंच तर आहे सणात."

"आणि पाऊस आला तर?"

"तर ताट उचलायचं आणि घरात जायचं. भिजत बसलं तर पुण्य लागत नाही, सर्दी होते."

"कुणाच्या घरात?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ज्याचं दार जवळ असेल त्याच्या."

सगळ्यांनी मिस्त्रीच्या दाराकडे बघितलं. तळमजला, मांडवाला अगदी खेटून. मिस्त्रीनं मात्र आभाळाकडे बघितलं. पश्चिमेकडे काळं साचत होतं.

कारण संध्याकाळी लेक येणार होती. दोन वर्षांनी. आईला तिनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "बाईंनी बोलावलंय म्हणून येते. अंगणात बसेन, जेवेन, निघेन. घरात ये म्हणू नका." म्हणजे पाऊस आला, सगळे आत पळाले, की ही आपल्या पोरीला, पिटुकलीला, उचलणार आणि फाटकातून बाहेर. दोन वर्षांनी मिळालेला एक तास, तोही पावसात जाणार.  नाश्ता त्यानं उभ्यानंच केला होता.

भांडण कशावरून? छपरावरूनच. लेकीनं आणि जावयानं माळ्यावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खोलीच्या छतात काचेची खिडकी होती. त्या खिडकीसाठीच घेतली होती खोली. बाकी तिथे घेण्यासारखं काही नव्हतं. चार दिवस गावाला जाताना लेकीनं झाडांना पाणी घाला म्हणून बाबांकडे किल्ली दिली. मिस्त्री गेला, आणि काचेच्या कडेनं एक थेंब पडताना त्याला दिसला. झालं. दुसऱ्या दिवशी तो माणसं घेऊन वर चढला, अख्ख्या खिडकीवर पत्रा ठोकला, चारी बाजूंनी डांबर भरलं. अगदी झकास काम. पोरं परत आली तर खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागला.

"बाबा, विचारलं का तुम्ही?"

"गळत होतं!"

"एक थेंब. आम्ही त्याखाली वाटी ठेवायचो."

"वाटी ठेवून झोपतात का कधी माणसं?"

मग पत्रा काढताना काच तडकली आणि घरमालकानं ती खिडकी कायमची बुजवली. त्यानंतर लेक या घरात आली नाही. मिस्त्रीला अजूनही आपलं काय चुकलं ते कळलेलं नव्हतं. गळत होतं ना?

दुपारी सगळे आवरायला आपापल्या घरी गेले. अंगणात कुणी नाही बघून मिस्त्रीनं टेम्पोतून प्लास्टिकचा रोल काढला. पारदर्शक, काचेसारखा, कुठल्याशा कामातून उरलेला. शिडी लावली, फांद्यांवरून प्लास्टिक पसरलं, उताराला ताणलं, कडा सुतळीनं आवळल्या, वरून पुन्हा थोडा पाला टाकला. बाईंना आभाळ हवं होतं, आभाळ दिसत होतं. त्याला पाणी नको होतं, पाणी येणार नव्हतं. यात भांडायला जागाच कुठे होती?

"अहो, काय बांधताय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको.

"गाठ सैल होती."

"घामानं भिजलाय किती! शर्ट बदला. निळा घाला."

"तो घट्ट होतो."

"दोन वर्षांनी पोरगी येतेय आणि तुम्ही हा उसवलेला घालणार?"

त्यानं निळा घातला.

लेक आली तेव्हा दिवे लागले होते. हातात केकचा डबा, कडेला पिटुकली. पिटुकली आता पाच वर्षांची झाली होती आणि दोन वर्षं आजोबांना तिनं फक्त आजीच्या फोनमध्ये बघितलं होतं. तिनं आधी, फोनमागे बघावं तसं, त्याच्या मागे डोकावून बघितलं.

"आलीस," मिस्त्री म्हणाला.

"हो."

"जावई?"

"कामावर."

संपलं.  लेकीनं मांडवाच्या खांबावरून हात फिरवला. आडव्या बांबूच्या गाठीवर बोटं क्षणभर थांबली. ती गाठ तिला लहानपणी त्यानंच शिकवली होती. मग ती घराच्या दाराकडे पाठ होईल अशी बसली.

बाईंनी मेणबत्ती लावली, डोळे मिटून आपल्या भाषेतलं काहीतरी म्हटलं, पाव मोडून सगळ्यांना तुकडे दिले. मग, खरं तर हे दिवसा करायचं पण सगळे आत्ताच जमले होते म्हणून, खजुराची लांब पात, दोन जातींच्या डहाळ्या आणि एक पिवळं, लिंबाच्या मोठ्या भावासारखं फळ हातात घेऊन चारी दिशांना, वर, खाली हलवलं. "आता सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "लाजू नका, मी मार्क देत नाहीये." नर्सनं हलवलं. ड्रायव्हरनं अशी काही पात हलवली की मागून बस रिव्हर्स येतेय असं वाटावं. पिटुकली खदखदून हसली, तशी लेकही हसली. मिस्त्रीनं ते हसू चोरून बघितलं आणि लगेच वर बघितलं. लांब कुठेतरी गडगडलं.

"पाय हलवू नका," बायको पुटपुटली. "सगळं बाक हलतंय. सूप सांडेल लोकांचं."

"मी कुठे हलवतोय?"

तिनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला. मग दुसरा हलायला लागला.

"बाई," पिटुकलीनं विचारलं, "तारा दिसला की काय मिळतं?"

"तारा मिळतो. शोध."

पिटुकली आईच्या मांडीवर उताणी झाली. एक डोळा मिटून फांद्यांमधून बघत राहिली. आणि एकदम किंचाळली,

"सापडला! तो बघ! पिवळा!"

सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच, दोन फांद्यांमध्ये एक पिवळा ठिपका चमकत होता. नर्सनं टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीनं नाही. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, खांबाला टांगलेला बल्ब हलला, आणि वरचा तारासुद्धा इकडून तिकडे झुलला.

"आई, तो हलतोय!"

लेकीनं वर बघितलं. मग बल्बकडे. मग हात लांब करून बल्ब बोटानं हलकेच ढकलला. तारा हलला. तिनं बल्ब धरून ठेवला. तारा थांबला.

"बाबा," ती म्हणाली. "वर काय टाकलंय?"

"कुठे काय?"

"बाबा."

"पारदर्शक आहे," मिस्त्री म्हणाला. आवाज जरा जास्तच चढला. "आभाळ दिसतंय की त्यातून! पाऊस आला तर निदान..."

  ड्रायव्हरसुद्धा, ज्याला अशा वेळी काहीतरी पचकल्याशिवाय राहवत नाही, तो आपल्या बदकांकडे बघत राहिला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

लेक ओरडली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं. तिनं वाकून पिटुकलीच्या चपला शोधल्या.

"खरा नव्हता तारा?" पिटुकलीनं विचारलं.

"नव्हता. चल, पाय पुढे कर."

"पण मला खरा बघायचाय."

"घरी जाऊन बघू."

"घरी कुठून? घरी छप्पर आहे."

चपलेचा पट्टा लेकीच्या बोटात तसाच राहिला.

मिस्त्री उठला. बाक इतकं जोरात सरकलं की बायकोचा पाण्याचा पेला कलंडला. तिला वाटलं हा आता घरात जाऊन धाडकन दार लावणार. पण तो मांडवाच्या मागे गेला, शिडी ओढली आणि वर चढला. खिशातून सुरी काढून एकेक सुतळी कापायला लागला. सगळ्या गाठी त्याच्याच, सुटणाऱ्या नव्हेत, कापाव्याच लागत होत्या. वाऱ्यानं प्लास्टिक फडफडायला लागलं. समोर आभाळ गच्च भरून आलं होतं. आता पाऊस येणार हे त्याला कळत होतं. एवढी वर्षं त्यानं आभाळ वाचण्यावरच पोट भरलं होतं.

शेवटची कड सुटली, तसं त्यानं प्लास्टिक आपल्याकडे ओढून घेतलं. आणि फांद्यांमधल्या त्या मांजर पडेल एवढ्या भोकातून त्याला खालचं दिसलं. सुपाचे वाडगे, बाईंचे पांढरे केस, पावाचा चुरा. लेकीचा भांग. वाकडा. लहानपणीही तिचा भांग वाकडाच असायचा. इतक्या छपरांवर तो चढला होता, पण वरून खालची माणसं त्याला कधी दिसली नव्हती.

खाली वारा शिरला आणि मेणबत्ती विझली.

"हं," बाई म्हणाल्या. "आता झाला खरा मांडव."

"आता कुठेय तारा?" पिटुकली.

"ढगामागे," लेकीचा आवाज आला. "थांब जरा."

थांब म्हणाली. मिस्त्री शिडीवरच थांबला. प्लास्टिकचा गोळा त्यानं छातीशी धरला होता, आणि उतरलो तर काहीतरी बिघडेल असं त्याला वाटत होतं.

पहिला थेंब ड्रायव्हरच्या सुपात पडला.

"वाढलं कुणीतरी," ड्रायव्हर म्हणाला. मग दुसरा, मग पाचपन्नास, मग मोजायची सोय राहिली नाही.

"उठा! नियम आहे, उठा!" बाई काठी आपटत ओरडल्या. एकच पळापळ. नर्सनं बाईंना धरलं, बायकोनं सुपाचं पातेलं, ड्रायव्हरनं बल्बची वायर काढून पाव शर्टाखाली घातला. पिटुकली पात डोक्यावर धरून सगळ्यांच्या आधी मिस्त्रीच्या दारातून आत. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं बहुतेक. मिनिटभरात मांडव रिकामा. आतून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला.

लेक तेवढी राहिली. फांद्यांखाली, केकचा डबा पोटाशी धरून. केस कपाळाला चिकटले होते. एकदा तिनं दाराकडे बघितलं, एकदा फाटकाकडे.

मिस्त्री खाली उतरायला लागला. एक पाय खालच्या पायरीवर, एक वर. हातात एवढं मोठं प्लास्टिक, आणि पोरगी भिजतेय. त्याचे हात आपोआप घडी उलगडायला लागले. मग थांबले.

"धरू का?" त्यानं विचारलं. "तुझ्यावर?"

लेकीनं वर बघितलं. पाणी डोळ्यांत जात होतं म्हणून तिला डोळे बारीक करावे लागले. कुणी नवीनच माणूस बोलल्यासारखं तिनं त्याच्याकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली.

मिस्त्रीनं मान हलवली. प्लास्टिक खाली टाकलं.

"आधी उतरा तुम्ही. पायऱ्या ओल्या झाल्यात." तिनं एका हातानं शिडी धरली. तो जमिनीवर येईपर्यंत धरून ठेवली. मग डबा सावरला, दारापाशी गेली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिचा आवाज आतून आला,

"आई, टॉवेल कुठे ठेवतेस हल्ली?"

मिस्त्रीला लगेच जाववेना. तो मांडवाखाली उभा राहिला. निळा शर्ट अंगाला चिकटला होता. एक थेंब मानेवर पडला, एक कानामागे. सवयीनं त्यानं वर बघितलं, कुठून गळतंय ते शोधायला.

सगळीकडूनच गळत होतं.